समेवर उजेड

चि. मनूस,


कथकच्या प्रयोगात कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. नाच बाटेल म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. लॉई फुलर पॅरिसमध्ये रेशमाच्या घोळावर विजेचे रंगीत झोत घेऊन नाचली, त्याला सव्वाशे वर्षं उलटली.

फक्त एक गोष्ट आधी कर. प्रोजेक्टर बंद ठेवून पूर्ण नाच करून बघ. काहीच उणं वाटलं नाही, तर भाड्याचे पैसे वाचव. मेलबर्नच्या ‘चंकी मूव्ह’ या नृत्यसंस्थेचा ‘ग्लो’ (२००६) बघ. एकच कलाकार, पांढरी जमीन, वरून पडणारा उजेड. इन्फ्रारेड कॅमेरा तिचा आकार टिपतो, संगणक त्याच क्षणी चित्र घडवतो. उजेड काढला तर तो नाच उरतच नाही. इन्फ्रारेड अशासाठी की प्रोजेक्टरचा उजेड त्या कॅमेऱ्याला दिसत नाही; नाहीतर यंत्र स्वतःच्याच चित्रामागे धावत सुटेल.

माझ्या एका प्रयोगात मी चुकले ते आधी तयार केलेल्या व्हिडिओमुळे. पखवाजवाले रंगात आले, दोन आवर्तनं वाढली आणि पडद्यावरचा पाऊस माझ्याआधीच थांबला. उरलेला वेळ मी चित्राला गाठत नाचले. ते अजून सलतं. साथ जिवंत असेल तर चित्रही जिवंतच हवं.

पण जिवंत चित्र मागे राहतं. सेकंदाला तीस चित्रं घेणारा कॅमेरा दर ३३ मिलिसेकंदांनी एकदा बघतो; पुढे संगणक आणि प्रोजेक्टर आपापला वेळ खातात. सगळं मिळून सेकंदाचा दहावा भाग गेला असं धर. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत मात्राच पाव सेकंदाची. पाय समेवर पडणार आणि चित्रातली ठिणगी जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा उडणार! म्हणून तत्काराला जिवंत चित्र लावू नकोस. जे मुळातच मागून येतं ते त्याच्याकडून करून घे: पाण्यावरची लाट, चक्करीनंतर विरणारी धूळ, गतीतल्या पदराची झुळूक.

आणि चेहरा जप. समोरून प्रोजेक्टर मारलास की भावावर नक्षी उमटते आणि डोळे दिपतात. मर्स कनिंगहॅमच्या ‘बायपेड’मध्ये (१९९९) रंगमंचापुढच्या पारदर्शक पडद्यावर रेषांच्या आकृत्या नाचतात आणि पलीकडे खरे नर्तक स्वच्छ दिसतात. तुझ्या ठुमरीला मात्र तो पडदाही नको. तिथे साधा दिवा पुरे.

तंत्रज्ञ मुलाला पहिल्या तालमीपासून बसव, त्याला हातावर ताल धरायला शिकव. तूही त्याच्याकडून वायर-जोडणी शीक. तालमीची तारीख कळव, मी येऊन शेवटच्या रांगेत बसेन.

तुझी,
ताई