प्रसादाची वाटणी

ईश्वराची कृपा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लौकिक लाभ उभे राहतात: चांगली नोकरी, सुखाचा संसार, मार्गी लागलेली मुले. ते लाभले की आपण देवाचे आभार मानतो. न लाभले तर त्याला बोल लावतो. परंतु आपल्यावर झालेल्या कृपेचा फार मोठा भाग ह्या हिशेबात येतच नाही. तो इतका सहज मिळालेला असतो की त्याची जाणीवही होत नाही.

वेदनेचेच उदाहरण घ्या. वेदना टळावी म्हणून आपण प्रार्थना करतो. कुष्ठरोगात मात्र मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांची संवेदना नाहीशी होते. तापलेल्या भांड्याने हात भाजतो, तळव्यात काटा मोडतो, आणि रुग्णाला ते कळत नाही. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले की, ह्या रोगात बोटे आपोआप झडत नाहीत. न जाणवलेल्या जखमा चिघळून ती हळूहळू नष्ट होतात. जिला आपण शाप समजतो, ती वेदना वस्तुतः शरीराची रखवालदार असते.

कृपा ओळखणे ही झाली पहिली पायरी. तेथेच थांबलेला मनुष्य स्वतःला देवाचा लाडका समजू लागतो, आणि कृतज्ञतेचा अहंकार होतो. म्हणूनच आपल्याकडे प्रसाद एकट्याने खात नाहीत. हातावर पडलेला प्रसाद वाटायचा असतो. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवतीच्या भातशेतीच्या मुलखात हाच विचार छेरछेरा ह्या सणात दिसतो. पौष पौर्णिमेला, नवे धान घरात आल्यावर, मुले व मोठी माणसे दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी मागण्यात कमीपणा नसतो. कणगी भरली ह्याची खूण म्हणजे तिच्यातून ओंजळभर धान बाहेर पडणे.

पण ज्याची कणगी रिकामी आहे, त्याने काय वाटावे? ह्याचे उत्तर त्याच छत्तीसगढात सापडते. नागपूरहून निघालेला लोहमार्ग दुर्ग, भिलाई, रायपूर, बिलासपूर असा चांप्याला जातो. तेथे 1962 साली सदाशिव गोविंद कात्रे ह्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. कात्रे रेल्वेत नोकरीला होते आणि स्वतः कुष्ठरुग्ण होते. आरोग्य, समाजातील स्थान, लोकांचा सहवास, ज्या गोष्टींना जग भाग्य म्हणते त्या ह्या रोगाने हिरावल्या जात. उरले होते एकच: तिरस्कृताचे दुःख आतून जाणण्याचे सामर्थ्य. तेच त्यांनी इतरांसाठी वापरले. 1977 साली त्यांचे निधन झाले. अमरावती जिल्ह्यातून आलेले दामोदर गणेश बापट हे निरोगी होते. त्यांनी तेच काम आपले मानले आणि 2019 साली मृत्यू येईपर्यंत ते सोडले नाही. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकाने आपल्या दुःखाचा प्रसाद वाटला, दुसऱ्याने आपल्या आरोग्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि आज कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. तरीही बऱ्या झालेल्या माणसाला घरात घेताना अनेक दारे अडखळतात. तेव्हा बधिरता कोणाची, हा प्रश्न विचारावा लागतो. रुग्णाच्या हाताला चटका कळत नाही, तो रोगामुळे. शेजाऱ्याचे दुःख आपल्याला कळत नाही, त्याला कोणते कारण सांगणार?

आपल्याला मिळालेल्या कृपेची गणना अवश्य करावी. मात्र प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक प्रश्न लिहावा: ह्यातले कोणाच्या वाट्याचे अजून माझ्याकडेच राहिले आहे?