विद्यार्थी व्हिसा नाकारला गेल्यास : कारणांचा शोध आणि फेरअर्ज

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि त्या देशात प्रवेश मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही बाब अनेक पालकांच्या ध्यानी येते ती व्हिसा नाकारल्याचा कागद हाती पडल्यावरच. विद्यापीठ विद्यार्थ्याची गुणवत्ता तपासते. वकिलातीतील अधिकारी मात्र हा तरुण खरोखर शिकण्यासाठीच जात आहे काय, त्याचा खर्च कोण व कसा भागविणार आणि मुदत संपल्यावर तो परतेल काय, हे पाहतो. पहिल्या कसोटीत विशेष प्रावीण्य मिळविलेला विद्यार्थी दुसरीत मागे पडतो, यात म्हणूनच नवल नाही. तोवर विद्यापीठाचे शुल्क भरलेले असते, कर्ज मंजूर झालेले असते, क्वचित बागायतही गहाण पडलेली असते. अशा वेळी घाईघाईने केलेला दुसरा अर्ज बहुधा पहिल्याच्याच वाटेने जातो. तसे होऊ नये यासाठी नकार नेमका कशाला मिळाला, हे प्रथम उमगले पाहिजे.

अमेरिकेचे उदाहरण आधी घेऊ; कारण तेथील नकाराचा अर्थ आपल्याकडे सर्वाधिक चुकीचा लावला जातो. त्या देशाच्या १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्याच्या कलम २१४ (बी) अन्वये, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा मागणारी व्यक्ती तेथे कायम राहण्याच्या इराद्यानेच येत आहे, असे गृहीत धरले जाते. ते तसे नाही हे दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो. आपल्या न्यायालयात आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष मानला जातो. येथे गृहीतक नेमके उलटे आहे. त्यामुळे २१४ (बी) खाली आलेला नकार म्हणजे विद्यार्थ्यावर ठेवलेला ठपका नव्हे. अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हाती दिले जाणारे पत्रक छापील असते व सर्वांना सारखेच दिले जाते. आपल्या पाल्याचे विशिष्ट कारण त्यात शोधू नये. ते तेथे नसते.

ते कारण शोधावयाचे ते मुलाखतीत. ही मुलाखत अवघ्या काही मिनिटांची असते आणि सोबत नेलेल्या जाडजूड धारिकेकडे अधिकारी पुष्कळदा पाहतही नाही. हेच विद्यापीठ का, हा अभ्यासक्रम पूर्वीच्या शिक्षणाशी कसा जुळतो, पैसा कोठून येणार, पुढे काय करणार, असे चार-दोन प्रश्न होतात आणि निर्णय होतो. मध्यस्थांनी पाठ करून घेतलेली उत्तरे येथे अपाय करतात. एकाच शिकवणीतून आलेली दहा मुले एकाच शब्दांत विद्यापीठाची थोरवी सांगू लागली, तर ऐकणाऱ्याला संशय येणारच. वाणिज्य शाखेचा पदवीधर एकाएकी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला निघाला असेल, तर तो बदल गैर नाही. पण त्यामागचा विचार त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. म्हणून नकारानंतर त्याच दिवशी, स्मरण ताजे असताना, विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि दिलेले उत्तर विद्यार्थ्याने जसेच्या तसे लिहून काढावे. फेरअर्जाच्या तयारीत याहून उपयोगी कागद दुसरा नाही.

पैशाच्या प्रश्नावर शेतकरी कुटुंबे विशेष अडतात, ती नेहमी पैसा नसतो म्हणून नव्हे. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे केंद्राचा आयकर नाही. त्यामुळे सधन बागायतदाराच्या आयकर विवरणात उत्पन्नाचा आकडा अल्प दिसतो, किंवा विवरणच नसते. गोव्यातील नमुना एक व चौदाचा उतारा, बेळगावकडील पहाणी, बडोद्याकडील सातबारा या कागदांवरून जमीन कोणाची ते कळते. तीतून वर्षाकाठी काय हाती येते ते कळत नाही. त्यातही उताऱ्यावर आजोबांचे नाव, वाटणी झालेली नाही आणि खर्चाची हमी देणारे मात्र वडील, असा प्रकार गोव्यात घरोघर आढळतो. यावर उपाय म्हणजे उत्पन्नाचा माग दाखविणे. काजू-सुपारी घेणाऱ्या सहकारी संस्थेच्या पट्ट्या, साखर कारखान्याची ऊस बिले, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि त्या रकमा ज्या खात्यात जमा झाल्या त्या बँकेचा निदान वर्षभराचा उतारा, हे सर्व एकमेकांशी जुळले पाहिजे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर अचानक दहा-बारा लाख रुपये येणे हे पाहणाऱ्याला बळ न वाटता उसनवारी वाटते. नातेवाइकाने खरोखरच मदत केली असेल, तर त्याचे पत्र व त्याच्या उत्पन्नाचा पुरावा जोडावा. शैक्षणिक कर्ज ही लपविण्याची बाब नाही. बँकेचे मंजुरीपत्र हा मान्य पुरावा आहे.

सर्व नकार एका जातीचे नसतात, हेही लक्षात असावे. कलम २२१ (जी) खालील पत्र आले असेल, तर कागद अपुरा आहे किंवा चौकशी चालू आहे, एवढाच त्याचा आशय असतो. मागितलेला कागद एक वर्षाच्या आत सादर केल्यास नवे शुल्क पडत नाही. तेथे फेरअर्जाची घाई करणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

२१४ (बी) च्या निर्णयावर अपील नाही. फेरअर्जाला मात्र प्रतीक्षाकाळही नाही; दुसऱ्या आठवड्यातही अर्ज करता येतो. त्यासाठी डीएस-१६० हा अर्ज नव्याने भरावा लागतो आणि १८५ डॉलरचे शुल्कही पुन्हा द्यावे लागते. विद्यार्थी नोंदणीचे, म्हणजे सेव्हिसचे, ३५० डॉलरचे शुल्क तेवढे, त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पहिल्या नकारापासून बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास, पुन्हा भरावे लागत नाही. कायद्याने मुभा आहे म्हणून लगेच जावे, असे मात्र आम्ही सुचविणार नाही. मधल्या काळात काय बदलले, हा प्रश्न पुढील अधिकारी मनात धरणारच. कर्ज मंजूर झाले, उताऱ्यावर वडिलांचे नाव चढले, अभ्यासक्रमाची निवड नीट स्पष्ट करता येऊ लागली, असे काही सांगण्याजोगे असेल तेव्हाच पुन्हा जावे. इतर देशांतील वकिलातीत लवकर तारीख मिळवून देऊ, असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. अमेरिकेने ६ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या नागरिकत्वाच्या अथवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, असे ठरविले आहे.

पूर्वी व्हिसा नाकारला होता काय, असा स्पष्ट प्रश्न अर्जात असतो. त्याचे उत्तर ‘होय’ असेच लिहावे. जुना नकार वकिलातीच्या नोंदीत असतोच. तो लपविला की २१४ (बी) चा साधा नकार खोट्या निवेदनाच्या कलमात जातो, आणि त्या कलमाखालील बंदी अमेरिकेत कायमची असते. कॅनडात खोट्या निवेदनाबद्दल ५ वर्षे, तर ब्रिटनमध्ये फसवणुकीबद्दल १० वर्षे दार बंद होऊ शकते. मध्यस्थाने अर्ज भरला, आम्हाला ठाऊक नव्हते, ही सबब सहसा चालत नाही, कारण सही विद्यार्थ्याची असते. २०२३ मध्ये कॅनडात, मुख्यतः पंजाबातील, अनेक विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. ती मध्यस्थांनी दिली होती आणि काही विद्यार्थ्यांना हे कळले ते तेथे शिक्षण संपवून कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची संबंधित शिक्षणसंस्थेकडून पडताळणी सुरू झाली. तीच पडताळणी पालकांनीही करावी. प्रवेशपत्र मिळताच विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः पत्र पाठवून खातरजमा करण्यास खर्च काहीच येत नाही.

कॅनडा व ब्रिटन यांची रीत अमेरिकेहून वेगळी आहे. तेथे निर्णय मुख्यतः कागदांवर होतो. कॅनडात शिक्षणशुल्काखेरीज निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून, क्वेबेक प्रांत वगळता, एकट्या विद्यार्थ्यास २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली आहे. जुना आकडा धरून केलेला अर्ज तेवढ्यावरच अडतो. जुलै २०२५ च्या अखेरीपासून नकारपत्रासोबत अधिकाऱ्याची टिपणे देण्याचा उपक्रमही तेथे सुरू झाला. ती मिळाल्यास त्यातील प्रत्येक शंकेला नव्या अर्जासोबतच्या पत्रात क्रमाने उत्तर द्यावे. ब्रिटनचा नियम काटेकोर आहे : आवश्यक रक्कम खात्यावर सलग २८ दिवस असली पाहिजे आणि त्या मुदतीचा अखेरचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वी ३१ दिवसांच्या आतला असला पाहिजे. सत्ताविसाव्या दिवशी एखादी रक्कम काढल्याने शिल्लक मर्यादेखाली गेली, की अर्ज फेटाळला जातो. नियम लावताना अधिकाऱ्याचीच चूक झाली असेल, तर ब्रिटनबाहेरील अर्जदाराला २८ दिवसांत ८० पौंड भरून प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. त्या फेरतपासणीत नवे कागद सामान्यतः विचारात घेतले जात नाहीत. कागद उणा असेल, तर नवा अर्ज हाच मार्ग.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना येथे एक विनंती आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरे आणि पारपत्रावर तिसरे, असे असल्यास ती दुरुस्ती बारावीच्या वर्षातच करून घ्यावी. मराठी, कन्नड वा पोर्तुगीज भाषेतील कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही आधीच तयार ठेवावे.

फेरअर्ज करताना सत्र सुरू होण्याची तारीख हातून जाणार असे दिसले, तर विद्यापीठाला त्वरित कळवून प्रवेश पुढील सत्रासाठी राखून घ्यावा. अमेरिकेच्या बाबतीत नव्या तारखेचा आय-२० दाखला मागवावा आणि नव्या अर्जात तोच लावावा. भरलेले शुल्क परत मिळण्याच्या अटी व मुदत विद्यापीठागणिक निरनिराळ्या असतात. त्या पैसे भरण्यापूर्वीच लेखी मागवून नकारपत्राच्या प्रतीसाठी जागा राखलेल्या त्याच धारिकेत ठेवाव्यात.