मेलेल्या हॉबगॉब्लिनचा पंचनामा

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर खरी भांडणं राक्षस जिवंत असताना होत नाहीत. तो मेला की सुरू होतात. चेंबूरला सुभाष नगरात एका मित्राच्या घरी आमचा गट रविवारी जमायचा. लुटीची वही माझ्याकडे होती, त्यामुळे तो गट कसा विस्कटत गेला ते मला पानापानावर दिसलं. नव्याने टेबल मांडणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

एक जण वाशीहून यायचा, एक मुलुंडहून कुर्ल्याला गाडी बदलून. हार्बरवर मेगाब्लॉक असला की वाशीकराचा भरवसा नसे. सगळे येऊन, चेंबूर कॅम्पातून आणलेलं दाल-पकवान संपवून, फासे हातात येईपर्यंत निम्मा दिवस गेलेला. आमच्याकडे खेळायला मोहरा कमी नव्हत्या, वेळ कमी होता. पुढचं सगळं याच हिशेबाने वाचा.

डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सुरुवातीलाच सहा हॉबगॉब्लिन अंगावर सोडले. लढाई झकास झाली. मग फायटरने विचारलं, "यांच्या अंगावर काय काय आहे?" २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे हॉबगॉब्लिनकडे चेनमेल, ढाल, लाँगस्वोर्ड आणि लाँगबो असतो. पुस्तकातल्या किमती अनुक्रमे ७५, १०, १५ आणि ५० सुवर्णमोहरा. म्हणजे डोक्यामागे १५०, सहा जणांचे ९००. बाजारात निम्मा भाव धरला तरी ४५०. पहिल्या लेव्हलच्या पात्रांना एवढा पैसा स्वप्नातही दिसत नाही, तेव्हा सगळ्यांचे डोळे फिरले यात नवल नाही.

मग वजन. एकटं चेनमेल ५५ पौंडांचं, पूर्ण संच ६६, सहांचे मिळून ३९६. आमच्या फायटरची ताकद १६. त्याच्या पंधरापट, म्हणजे २४० पौंड तो उचलणार, आणि त्यात त्याचं स्वतःचं चिलखत आलंच. तेव्हा गावात परत जाऊन ८ मोहरांचं खेचर घेतलं, कारण खेचर ४२० पौंड वाहतं. आता खेचर गुहेत न्यायचं की बाहेर बांधायचं? बाहेर बांधलं तर राखायला कोण थांबणार? लांडगे आले तर? या खेचरावर आम्ही जेवढं बोललो तेवढं गुहेतल्या बंदिवानावर बोललो नाही, आणि त्याला सोडवायला तर निघालो होतो.

याचं उत्तर त्याच आवृत्तीच्या प्लेयर्स हँडबुकात आहे. चांगल्या स्थितीतलं सामान निम्म्या किमतीला जातं, पण राक्षसांनी वापरलेली शस्त्रं आणि चिलखतं विकण्याजोगी क्वचितच असतात, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. कुर्ल्याचा भंगारवाला पंख्याची कंपनी विचारत नाही, पंखा उचलून काट्यावर ठेवतो. फायटरच्या तलवारीने फाटलेल्या हॉबगॉब्लिनच्या चेनमेलला गावच्या लोहाराने तोच भाव द्यावा. ही एक ओळ डीएमने पहिल्या दिवशी वाचून दाखवली की निम्मी लूटमार आपोआप थांबते. रत्नं आणि कलावस्तू मात्र बाजारात पूर्ण किमतीला जातात. खेळाडूंना काही द्यायचंच असेल तर त्या रूपात द्या, त्याला खेचर लागत नाही.

पण खेळाडूंना नुसता हावरटपणाचा दोष देऊ नये. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ काढला, तेव्हा अनुभवाचे गुण राक्षस मारण्यापेक्षा मुख्यतः खजिना बाहेर आणण्याचे मिळत, साधारण एका मोहरेला एक गुण. तिथे पोती वाहणं हाच खेळ होता. आताच्या आवृत्तीत तो दुवा तुटलाय, सवय मात्र राहिली. आमच्यातले दोघे तर मोबाइलवर बीजीएमआय खेळून आलेले. तिथे मारलेल्याचा क्रेट न उघडता पुढे जाणारा मूर्ख ठरतो.

गट मोडला तो मात्र चेनमेलवरून नव्हे. आमच्या रोगचा, म्हणजे चोर-पात्राचा, खेळाडू डीएमला गुपचूप चिठ्ठ्या द्यायचा, 'बाकीचे दार शोधतायत तोवर मी प्रेताचे खिसे तपासतो.' डीएमला ते नाट्यमय वाटायचं. एका मेलेल्या जादूगाराकडची अंगठी अशीच गेली. आमच्या विझार्डला ती हवी होती आणि ती कुठे गेली हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं. 'माझं पात्र तसंच आहे' हा रोगचा बचाव. पात्र तसं असेलही, पण अंगठी गेली ती समोर बसलेल्या माणसाची. विझार्ड पुढच्या रविवारी आला नाही, मग मुलुंडकराला कामं निघाली, मग सगळ्यांनाच. पात्रापात्रांतली चोरी टेबलावरच्या सगळ्यांना आधी मान्य असेल तरच चालू द्यावी. मी तर म्हणेन, चालूच देऊ नये.

वाटपाच्या बाबतीत मला जुनंच उदाहरण पटतं. सभासद बखर १६९७ ची. तिच्यात शिवाजी महाराजांच्या फौजेची शिस्त सांगितली आहे. मुलुखगिरीला निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी व्हायची, परतल्यावर झडती व्हायची, आणि जास्त निघालेल्या मालाचा हिशेब सरकारात द्यावा लागे. आमच्या आताच्या टेबलावर हेच छोट्या प्रमाणात चालतं. सापडलेली प्रत्येक वस्तू सगळ्यांसमोर बोलायची आणि एकाच वहीत लिहायची. रोख रकमेचे खेळाडूंपेक्षा एक हिस्सा जास्त करायचे आणि तो जादा हिस्सा गटाचा, औषधी पोशन आणि मेलेल्याला उठवण्याचा खर्च त्यातून. जादूची वस्तू जो वापरू शकेल त्याची. दोघे वापरू शकत असतील तर ज्याच्याकडे कमी आहे त्याची. एका पात्राला तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट, म्हणजे जादूचं नातं, जोडता येतं, त्यामुळे साठेबाजाची पंचाईत पुस्तकच करून ठेवतं.

डीएमना एक वेगळी विनंती. शत्रूकडे आग ओकणारी कांडी असेल तर ती त्याने लढाईत वापरलीच पाहिजे, पोशन असेल तर जखमी झाल्यावर त्याने ते प्यायलाच हवं. लढाईत न दिसलेली वस्तू प्रेताच्या खिशात निघाली की खेळाडू प्रत्येक खिसा तपासू लागतात. उलट, ज्या कांडीने आपल्याला भाजलं ती हाती आली तर तिचं मोल वेगळंच असतं. २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलने राक्षसाकडून काढून घेता येईल असं सामान नोंदीतच वेगळं दिलंय. तेवढंच द्यायचं, वाद संपला. गायगॅक्सने १९७८ च्या साहसकथांत ड्रो या काळ्या एल्फांची उत्तम शस्त्रं आणि चिलखतं सूर्यप्रकाशात निकामी होतील अशी तजवीज केली होती. युक्ती हुशारीची आहे, पण तिचा सुगावा आधी दिला नाही तर खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं. ते मन लावून लढले, माल वर आणला आणि उन्हात त्याची माती झाली. अशा वेळी राग ड्रोंवर निघत नाही.

हे सगळं पात्रं बनवण्याआधी ठरवा, पहिला गॉब्लिन पडल्यावर नव्हे. प्रेतं धुंडाळण्यातच ज्यांना मजा येते असे खेळाडू असतात, त्यात वाईट काही नाही. त्यांनी खुशाल जुन्या आवृत्तीचं टेबल मांडावं, मोहरेला गुण द्यावा आणि खेचरं पाळावीत. पण एकाच टेबलावर दोन्ही तऱ्हेची माणसं बसवू नका. रविवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि त्यातही मेगाब्लॉक असतो.