ॲप प्रकाशनापूर्वी खऱ्या चाचणीकर्त्यांची निवड : वैद्यांसाठी काही विचार

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत आयुर्वेदाच्या क्षेत्रात मोबाईल ॲपचा वापर लक्षणीय प्रमाणात वाढला आहे. मे २०२० मध्ये आयुष मंत्रालयाचे ‘आयुष संजीवनी’ ॲप आले. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘देश का प्रकृती परीक्षण’ अभियानात ॲपच्या साहाय्याने १ कोटी २९ लाखांहून अधिक नागरिकांचे प्रकृती परीक्षण नोंदविण्यात आले. अशा राष्ट्रीय उपक्रमांच्या जोडीने आता अनेक वैद्य आपल्या रुग्णांसाठी स्वतःचे लहानसे ॲप तयार करवून घेत आहेत. औषधाच्या वेळेची आठवण, पथ्यापथ्याची यादी, पुढील भेटीचा दिनांक असे त्याचे साधारण स्वरूप असते.

ॲप तयार झाल्यावर ते प्रकाशित करण्यापूर्वी काही जणांकडून वापरून घ्यावे लागते. त्यांना आपण या लेखात ‘चाचणीकर्ते’ म्हणू. हे चाचणीकर्ते कोण असावेत, या प्रश्नाकडे बहुधा एक उपचार म्हणून पाहिले जाते. छत्रपती संभाजीनगर येथे आम्ही काही व्यवसायबंधूंनी मिळून असे एक ॲप करवून घेतले, तेव्हा प्रारंभी आमचीही दृष्टी तीच होती. ती कशी बदलली, हे सुज्ञ वाचकांपुढे ठेवण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

नियम काय सांगतो?

गुगल प्लेच्या नियमानुसार १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून नवे ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी ‘बंद चाचणी’ घ्यावी लागते. आरंभी तिच्यासाठी किमान २० चाचणीकर्ते आवश्यक होते. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ करण्यात आली. हे बाराजण सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असले पाहिजेत. त्यानंतर प्रकाशनाची परवानगी मागताना चाचणी कशी झाली, चाचणीकर्त्यांनी काय सांगितले आणि त्यानुसार काय बदल केले, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. वैद्यकीय स्वरूपाच्या ॲपसाठी संस्थेच्या नावाचे खाते अपेक्षित असते आणि संस्थेच्या खात्याला बारा जणांची ही अट लागू नाही. म्हणजे ज्या ॲपमधील चुकीने रुग्णाच्या शरीरावर परिणाम होऊ शकतो, त्यालाच ही सक्ती नाही. यातून सुटकेचा मार्ग शोधू नये, असे आमचे नम्र मत आहे. नियमाने जे मागितले नाही, ते येथे वैद्याच्या कर्तव्यबुद्धीने स्वतःहून केले पाहिजे.

सक्ती असो वा नसो, संख्या भरण्याचे सोपे मार्ग पुष्कळ आहेत. पैसे घेऊन बारा चाचणीकर्ते पुरविणारे लोक इंटरनेटवर आढळतात. ‘तुम्ही आमचे ॲप उघडा, आम्ही तुमचे उघडू’ अशी देवाणघेवाणही चालते. अशा चाचणीत ॲप दिवसातून एकदा उघडले जाते आणि लगेच बंद होते. त्यातून संख्या भरते, परंतु ज्ञान मिळत नाही.

शास्त्रातील आधार : योग्या

प्रयोगापूर्वीच्या अभ्यासाचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्म शिकणाऱ्या शिष्याने रुग्णापूर्वी कोणत्या वस्तूंवर अभ्यास करावा, ते सविस्तर सांगितले आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी यांसारखी फळे, वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा आणि कमळाचे देठ, सीवनासाठी वस्त्र व मृदू चर्म यांच्या कडा, तर बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा योजावा, असे तेथे वर्णन आहे.

या यादीमागील तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. ज्या कर्माचे ज्या वस्तूशी साधर्म्य असेल, त्या वस्तूवरच त्या कर्माची योग्या करावी, असा त्या अध्यायाचा अभिप्राय आहे. भोपळ्यावर सीवनाचा अभ्यास कितीही केला, तरी हाताला जे ज्ञान हवे ते मिळणार नाही. चाचणीकर्त्यांच्या निवडीलाही हाच निकष लागू पडतो. जो हे ॲप पुढे वापरणार आहे, त्याच्याशी चाचणीकर्त्याचे साधर्म्य असले पाहिजे. वय, भाषा, दिनक्रम आणि हातातील फोन या सर्वच बाबतींत ते असावे.

आमचा अनुभव

पहिल्या खेपेस आम्ही बारा नावे सहज जमविली. त्यांत सहा वैद्य होते आणि उरलेले आमचे नातलग व स्नेही होते. चौदा दिवसांनंतर सर्वांचा अभिप्राय एकच होता : ‘छान झाले आहे.’ एकही दोष नोंदविला गेला नाही. हे यश नसून चाचणीच झालेली नाही, असे ॲप तयार करणाऱ्या तरुण अभियंत्यानेच आमच्या लक्षात आणून दिले.

दुसऱ्या खेपेस आम्ही आमच्या नियमित रुग्णांना विनंती केली. औषध केसपेपरप्रमाणेच घ्यावे आणि ॲपवर विसंबून काहीही बदलू नये, असे प्रत्येकाला बजावले होते. पुढील तीन दोष या खेपेस उघड झाले.

१) मात्रेचा अंक : एका वयोवृद्ध रुग्ण आजींचा फोन त्यांचा इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू वाचून दाखवीत असे. पडद्यावरील देवनागरी ‘१’ हा अंक त्याने इंग्रजी नऊ असा वाचला. ‘आजी, नऊ गोळ्या घ्यायच्या आहेत,’ असे त्याने सांगताच आजींना शंका आली आणि त्यांनी दवाखान्यात फोन केला. औषध आरोग्यवर्धिनी होते. पारद, गंधक व ताम्रभस्म असलेल्या या कल्पाच्या एकाऐवजी नऊ गोळ्या दिवसातून दोन वेळा गेल्या असत्या, तर काय झाले असते, हे वैद्यांना सांगावयास नको. आजींनी केसपेपर जपून ठेवला होता, म्हणून पुढचा प्रसंग टळला. ‘४’ हा अंकही इंग्रजी आठसारखा भासतो. तेव्हापासून मात्रा अक्षरांत, ‘एक गोळी’, ‘दोन चमचे’ अशी लिहिण्याचा नियम आम्ही केला. पहिल्या खेपेच्या सहा वैद्यांपैकी एकालाही हा दोष दिसला नव्हता, कारण मात्रा त्यांना वाचण्यापूर्वीच ठाऊक होती.

२) औषधकाल : शास्त्रात औषधाचे दहा काल सांगितले आहेत. प्राग्भक्त, मध्यभक्त, अधोभक्त इत्यादी नावांवरूनच त्यांतील बहुतेकांचा संबंध अन्नाशी आहे, हे स्पष्ट होते. आमच्या ॲपमध्ये मात्र सकाळी ८, दुपारी १ व रात्री ८ अशा वेळा ठरविलेल्या होत्या. पैठणकडील एक शेतकरी सकाळी लवकर भाकरी खाऊन शेतावर जात असत. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराचे जेवण पाळीप्रमाणे दर आठवड्यास बदलत असे आणि रात्रपाळीत त्यांचा फोन कपाटात ठेवलेला असे. रोजा ठेवणाऱ्या एका भगिनींनी विचारले, ‘सहरी आणि इफ्तार यांच्या वेळा यात कुठे घालायच्या?’ एकादशीचा उपवास करणाऱ्या रुग्णांचीही हीच अडचण होती. अधोभक्त सांगितलेले औषध रिकाम्या पोटी घेण्याची आठवण आमचेच ॲप करून देत होते. हा दोष संगणकाचा नव्हता. आमचे शास्त्र आम्ही अभियंत्याला नीट समजावून सांगितले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. आता रुग्ण स्वतःच्या जेवणाची वेळ नोंदवितो आणि औषधाची आठवण त्यानुसार होते.

३) न वाजणारी घंटा : काही फोनमध्ये बॅटरी वाचविण्यासाठी न उघडलेली ॲप आपोआप थांबविली जातात. तसेच अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखविण्यासाठी वापरणाऱ्याची परवानगी लागते. तो प्रश्न न समजून कोणी नकार दिला, तर पुढे आठवण होतच नाही आणि ती होत नाही हे रुग्णाला कळतही नाही. अभियंत्याच्या फोनवर घंटा नियमित वाजत होती. रुग्णांच्या जुन्या फोनवर तीन-चार दिवसांनी ती बंद पडली. चाचणी एका दिवसात आटोपली असती, तर हे कळलेच नसते. चौदा दिवसांच्या मुदतीचे प्रयोजन आम्हाला येथे उमगले.

कोणाला निवडावे?

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांपैकी पाचजणांकडून चाचणी घेतली, तरी सुमारे ८५ टक्के दोष उघड होतात. मात्र वापरकर्त्यांचे गट एकमेकांपासून भिन्न असतील, तर प्रत्येक गटातून तीनजण घ्यावेत, असेही त्यांनी सुचविले. या हिशेबाने बाराजणांत चार गट बसतात. आम्ही ते पुढीलप्रमाणे केले :

अ) साठ वर्षांवरील जीर्णव्याधीचे रुग्ण. यांत अक्षरे मोठी करून वाचणारे असावेत, कारण अक्षर मोठे केल्यावर पडद्यावरील बटणे दिसेनाशी होतात का, ते यांच्याकडूनच कळते.
आ) ग्रामीण भागातील, नेटवर्क अपुरे असलेल्या गावांतील रुग्ण.
इ) पाळीत काम करणारे किंवा दिनक्रम अनियमित असलेले रुग्ण.
ई) रुग्णाच्या वतीने फोन हाताळणारे कुटुंबीय. हा गट सहसा विसरला जातो. आमचा सर्वांत गंभीर दोष याच गटामुळे सापडला.

या गटांत स्त्री-पुरुष, तसेच मराठीबरोबर हिंदी वा उर्दू बोलणारे असे दोन्ही असावेत. मध्येच कोणी बाहेर पडल्यास संख्या अपुरी पडते, म्हणून पंधरा-सोळाजण घेणे सोयीचे होते. प्रत्येकाने स्वतःचाच फोन वापरावा. अनेक वयोवृद्धांच्या फोनमधील गुगल खाते मुलाने किंवा दुकानदाराने उघडून दिलेले असते व त्यांना स्वतःचा ईमेल ठाऊक नसतो. तो पहिल्याच भेटीत पाहून घ्यावा, कारण चाचणीचे निमंत्रण त्याच पत्त्यावर नोंदवावे लागते.

अभिप्राय कसा घ्यावा?

रुग्ण आपल्या वैद्याला दोष सांगत नाही. ‘डॉक्टरसाहेबांना वाईट वाटेल’ हा संकोच फार मोठा असतो. म्हणून अभिप्राय आम्ही न घेता आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांना घ्यावयास सांगितले. ‘ॲप आवडले का?’ हा प्रश्न विचारू नये. ‘आज सकाळचे औषध कोणते, ते यात शोधून दाखवा,’ असे सांगून शांतपणे पाहत बसावे. बोट कोठे अडखळते, हेच खरे उत्तर होय. दर्शन आणि प्रश्न यांपैकी येथे दर्शनाला प्राधान्य द्यावे. पहिल्या, चौथ्या, आठव्या व चौदाव्या दिवशी अशी नोंद घेतल्यास दोषांचा क्रम स्पष्ट होतो. चाचणीच्या मोबदल्यात प्रवासखर्च देण्यास हरकत नाही, परंतु चांगला शेरा लिहिण्यासाठी काहीही देऊ नये.

संमती व गोपनीयता

चाचणीकर्ता आपला रुग्ण असेल, तर आपली जबाबदारी दुप्पट होते. सहभाग नाकारल्यास उपचारात कोणताही फरक पडणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविलेली आहे. संमती मुक्त, विशिष्ट व समजून दिलेली असावी, हा या कायद्याचा गाभा आहे. संमतीची सूचना इंग्रजीत अथवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय असावी, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणून मराठीत सोपे संमतिपत्र करावे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची असल्यास पालकांची संमती आवश्यक आहे. चाचणीच्या काळात निदान व जुने अहवाल ॲपमध्ये भरूच नयेत. औषधाचे नाव व वेळ एवढ्यावर भागते. तसेच ही चाचणी ॲपची आहे, औषधाची नव्हे. तिच्यासाठी चिकित्सेत यत्किंचितही बदल करू नये.

उपसंहार

दोष न सापडणे हे चाचणीच्या यशाचे लक्षण नसून बहुधा चुकीच्या निवडीचे लक्षण असते. स्नेहीजन आपले ॲप वाखाणतात, तर रुग्ण ते प्रत्यक्ष वापरतो. बारा ही संख्या नियमाने ठरविली आहे. ते बाराजण कोण, हे मात्र वैद्यानेच ठरवावयाचे आहे. आमच्या ॲपचे प्रकाशन या दुसऱ्या चाचणीमुळे दोन महिने लांबले, याचा आम्हास खेद वाटत नाही. ज्या व्यवसायबंधूंच्या मनात असे ॲप करण्याचा विचार असेल, त्यांनी प्रथम आपल्या प्रतीक्षागृहात बसलेल्या रुग्णांकडे पाहावे. त्यांचे खरे चाचणीकर्ते तेथेच बसलेले आहेत.