दिवा हिरवा, तार तुटलेली

राउटिंग प्रोटोकॉलची तुलना करताना बहुतेक जण सिम्युलेटरवर चार राउटर जोडतात, पिंग चालू ठेवतात आणि एका इंटरफेसवर ‘शटडाउन’ देतात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले. ओएसपीएफने सेकंदभरात दुसरा मार्ग धरला. रिप स्पर्धेतच नव्हते: शेजारी गप्प झाला तर १८० सेकंद वाट पाहणारे, आणि १५ हॉपपलीकडचे जाळे गाठताच न येणारे. अहवाल झाला, दोन इमारतींमधल्या नेटवर्कवर ओएसपीएफ बसवले गेले.

मग जेसीबीने रस्त्याकडेची फायबर उखडली.

याच नेटवर्कवरून फोनवर बोलणारी माणसे ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली, आणि राउटरच्या पोर्टचा दिवा मात्र हिरवागार. राउटरची तांब्याची केबल शेजारच्या मीडिया कन्व्हर्टरपर्यंतच जात होती आणि ती शाबूत होती; तुटली होती ती पुढची फायबर. आता भरवसा फक्त हॅलो पॅकेटांवर. ती दर १० सेकंदांनी येतात. ४० सेकंद एकही आले नाही, तरच शेजारी गेला असे धरले जाते. एवढ्या लहान जाळ्यात डाइकस्ट्राच्या पद्धतीने नवा मार्ग काढायला काही मिलिसेकंद पुरतात. सगळा वेळ गेला तो बिघाड कळण्यात, आणि ‘शटडाउन’ने ती बातमी राउटरला आयती दिली होती. तुलनेतल्या तिसऱ्या प्रोटोकॉलचा, ईआयजीआरपीचा, होल्ड टाइम सहसा १५ सेकंद असतो. याच बिघाडात ते पुढे असते. म्हणजे अहवालातला क्रमसुद्धा बदलला असता.

दुसरी चूक फायबर जोडल्यावर दिसली. कित्येक राउटरांत ओएसपीएफची कॉस्ट १०० एमबीपीएसच्या संदर्भ बँडविड्थला लिंकच्या बँडविड्थने भागून निघते आणि १ च्या खाली जात नाही. त्यामुळे १ जीबीपीएसची फायबर आणि १०० एमबीपीएसची राखीव रेडिओ लिंक, दोन्हींची कॉस्ट १. ट्रॅफिक दोन्हींवर वाटले गेले. काही कॉल स्वच्छ, काही तुटक. सिम्युलेटरमध्ये सगळ्या लिंक एकाच वेगाच्या होत्या.

तुलना करणाऱ्याने दोन राउटरांच्या मध्ये स्विच ठेवावा आणि पलीकडची केबल उपटावी. पिंग १०० मिलिसेकंदांच्या अंतराने सोडावे, म्हणजे गळालेली मोजून वेळ काढता येतो. चाचणी वीसेक वेळा घ्यावी, कारण केबल दोन हॅलोंच्या मध्ये नेमकी केव्हा निघाली यावर ओएसपीएफचा आकडा ३० ते ४० सेकंदांत हलतो. मग बिघाड लवकर ओळखणारा बीएफडी प्रोटोकॉल लावून पाहावा: ३०० मिलिसेकंदांच्या अंतराची तीन पॅकेट चुकली की ९०० मिलिसेकंदांत बातमी पोचते. तो लावायचा तर तुलनेतल्या सर्वांना लावावा.

संदर्भ बँडविड्थ जाळ्यातल्या सर्वांत वेगवान लिंकइतकी तरी असावी आणि प्रत्येक राउटरवर तीच असावी. एक राउटर जरी राहून गेला, तरी जाण्याचा मार्ग एक आणि येण्याचा दुसरा होऊन बसतो.