कॅमेऱ्याविरुद्धची फिर्याद

चि. बाळ,

तुझे पत्र व त्यासोबतची छायाचित्रे पावली. भिगवणचे रोहित पक्षी, आजीची तसबीर आणि देवळाची दीपमाळ ही सर्वच चित्रे ‘सॉफ्ट’ आली असून दोष कॅमेऱ्याचा आहे, सबब तो मिळेल त्या किमतीस काढून टाकून नवा घ्यावा, असा दुकानदाराचा सल्ला आहे आणि तुझाही कल तिकडेच झुकलेला दिसतो. दुकानदाराचे मत त्याच्या गल्ल्यावर बसून पाहिले असता अगदी रास्त आहे. परंतु आरोपीची जबानी घेतल्यावाचून आणि जागेचा पंचनामा केल्यावाचून निकाल देण्याची जी घाई तू चालविली आहेस, ती मला पसंत नाही. यंत्रात बिघाड असतो तेव्हा तो बहुधा एकाच तऱ्हेने, पुनःपुन्हा, त्याच दिशेने घडतो. तुझ्या चित्रांतील अस्पष्टता मात्र प्रत्येक चित्रात निराळ्या जातीची आहे, आणि एवढ्या एका गोष्टीवरूनच कॅमेऱ्यावरील आरोपाविषयी माझ्या मनात संशय उत्पन्न झाला.

चित्र हललेले असणे, फोकस चुकलेला असणे आणि समोरची वस्तूच हललेली असणे या अगदी भिन्न गोष्टी असून पडद्यावर दुरून पाहणाऱ्यास त्या सारख्याच भासतात. जवळ जाऊन पाहिले म्हणजे त्यांचा भेद लपत नाही. कॅमेरा हलला असेल तर चित्रातील यच्चयावत वस्तू एकाच दिशेस ओढल्यासारख्या दिसतात. वस्तू हलली असेल तर ती तेवढी फरकटते आणि तिच्या भोवतीचे दगडधोंडे जागच्या जागी रेखीव राहतात. आणि फोकस चुकला असेल तर चित्रात कोठे ना कोठे, तुला नको असलेल्या जागी का होईना, एखादा पट्टा लखलखीत स्पष्ट बहुधा सापडतो. याखेरीज प्रत्येक फाइलीच्या पोटात शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि लेन्सची फोकल लेंग्थ यांची बिनचूक नोंद असते. हा दस्तऐवज हाताशी असताना तर्क लढवीत बसण्याचे कारण नाही.

भिगवणचे पहिले चित्र मी याच रीतीने तपासले. पक्ष्यांकडे न पाहता मी प्रथम तेथल्या उजनी धरणाच्या पाण्यावरील उन्हाच्या चमचमाटाकडे पाहिले. जो ठिपका बिंदूसारखा दिसावयास हवा, त्याची प्रत्येक ठिकाणी एक बारीक तिरकी रेघ झालेली आहे, आणि चारी कोपऱ्यांत त्या रेघांची दिशा व लांबी एकच आहे. यावरून फोकसचा प्रश्न निकालात निघाला. चित्र हललेले आहे. नोंद पाहिली तर शटर १/१६० सेकंद आणि लेन्स ३०० मिलिमीटरवर. हातात धरून घ्यावयाच्या चित्रास शटर निदान फोकल लेंग्थच्या अंकाइतके जलद असावे, हा जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळातील दंडक आहे. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्या फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यामुळे त्या अंकास दीडने गुणावे लागते, म्हणजे ३००चे ४५० होतात. तेही घट्ट जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसासाठी. तू तर नावेत बसला होतास, नावाड्याने इंजिन बंद केले तरी नाव हिंदकळतच असते, आणि समोरचे पक्षी उडण्याच्या बेतात होते. अशा वेळी १/१००० पेक्षा कमी शटरवर विसंबणे हे धाडस होय. लेन्समध्ये कंपन आवरण्याची सोय आहे, असे तू लिहितोस. ती सोय तुझ्या हाताचा थरकाप आवरते. रोहिताच्या पंखांवर तिची हुकूमत चालत नाही.

मग १/१००० का ठेवले नाहीस? कारण आयएसओ २०० वरून हलविण्याची तुला भीती वाटली. चित्रात नॉइज येईल, दाणे दिसतील, ही नवशिक्यांच्या मनात पक्की बसलेली धास्ती आहे आणि तिच्यापायी जितकी चित्रे वाया जातात तितकी क्वचितच दुसऱ्या कशापायी जात असतील. आयएसओ १६०० वर घेतलेल्या चित्रातील दाणे नंतर बऱ्याच अंशी कमी करता येतात. हललेली रेघ पुन्हा बिंदू करण्याचा खात्रीचा उपाय मात्र अद्याप कोणाजवळ नाही. तेव्हा पुढील खेपेस आयएसओ निःशंकपणे वाढव.

भिगवणचेच दुसरे चित्र, जे तू अकराच्या सुमारास घेतलेस, त्याची कैफियत वेगळी आहे. तेथे शटर १/१२५० आहे, रेघा नाहीत, परंतु पक्ष्यांच्या पायांच्या कडा वितळल्यासारख्या नागमोडी झाल्या आहेत आणि मागची बाभळीची रांग तर पाण्यात बुडवून काढल्यासारखी दिसते. हा दोष ना तुझा, ना कॅमेऱ्याचा. मृगजळ ज्यामुळे दिसते त्याच कारणाने, म्हणजे कमीअधिक तापलेल्या हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकल्यामुळे, तो उत्पन्न होतो, आणि लांबचा पल्ला गाठणाऱ्या लेन्सने ती सारी मधली हवाही तितकीच मोठी करून दाखविली जाते. यावर लाख रुपयांच्या लेन्सचाही इलाज चालत नाही. उजाडता उजाडता नाव पाण्यात लोटावी, पक्ष्यांना न बिचकविता जितके जवळ जाता येईल तितके जावे आणि ऊन चढले की कॅमेरा पिशवीत ठेवून घरची दशमी सोडावी, हाच त्यावर उपाय.

आता आजीची तसबीर. हे चित्र पाहून मला खरोखर हळहळ वाटली, कारण प्रकाश सुंदर आहे, खिडकीकडून येणारा मऊ उजेड तिच्या गालावरच्या सुरकुत्यांवर अगदी योग्य पडला आहे, आणि डोळे मात्र धुरकट. पण तिच्या कानांकडे पाहिलेस का? कुड्यांतला एकेक मोती मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे. म्हणजे लेन्सला तीक्ष्ण चित्र काढता येते, याचा पुरावा त्याच चित्रात, डोळ्यांच्या मागे चार बोटांवर पडलेला आहे. नोंद सांगते की ५० मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ/१.८, अंतर तुझ्या लिहिण्यावरून सुमारे दीड मीटर. या हिशेबाने स्पष्टतेची खोली, ज्यास तुम्ही लोक डेप्थ ऑफ फील्ड म्हणता, ती अवघी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास भरते. म्हणजे फोकसच्या जागेच्या पुढे तीन आणि मागे तीन सेंटीमीटर इतकीच काय ती सवलत.

एवढ्या चिंचोळ्या जागेत फोकस डोळ्यांवरून निसटला कसा, हेही सांगतो. तू मधल्या फोकस बिंदूने आजीचा डोळा धरलास, बटण अर्धे दाबून ठेवलेस आणि मग चौकट साधण्यासाठी कॅमेरा खाली वळवलास. मांडणी पाहता दुसरे काही संभवत नाही. फोकस हा कॅमेऱ्यासमोर उभ्या केलेल्या एका सपाट पडद्यासारखा असतो आणि कॅमेरा वळला की तो पडदाही त्याच्याबरोबर वळतो. दीड मीटरवर पंधरा अंशांनी कॅमेरा वळविल्यास तो पडदा मूळ जागेच्या पाच सेंटीमीटर मागे सरकतो, हे त्रिकोणमिती शिकलेल्या मुलास मी विस्ताराने सांगावयास नको. तुझ्याजवळची सवलत तीनच सेंटीमीटरची होती. त्यातच बटण अर्धे दाबणे आणि पुरे दाबणे यांच्या दरम्यान आजी जराशी पुढे झुकली असेल, तर उरलासुरला हिशेबही चुकता झाला. यापुढे चौकट आधी साध आणि मग ज्या ठिकाणी डोळा पडेल तेथला फोकस बिंदू निवड. कॅमेऱ्याच्या पाठीवर त्यासाठी बटणे दिलेली आहेत. अॅपर्चर एफ/४ केलेस तर सवलत दुपटीहून अधिक वाढेल आणि मागची भिंत तरीही पुरेशी विरघळेल. कॅमेऱ्याला सर्व बिंदूंतून आपण होऊन निवड करण्याची मुखत्यारी देऊ नकोस. तो बहुतेक वेळा सर्वांत जवळची वस्तू धरतो आणि आजीच्या तसबिरीत ती वस्तू म्हणजे तिच्या नाकाचे टोक.

जाता जाता एक गोष्ट. अस्पष्टता हा नेहमीच अपराध असतो असे नाही. कलकत्त्यास १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी विलायतेत काढलेल्या तसबिरी जाणूनबुजून मृदू ठेवलेल्या असत, आणि त्यावरून त्यांच्या काळच्या जाणकारांनी त्यांना पुष्कळ बोल लाविले. आज त्या तसबिरी मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. परंतु बाईंना जे हवे होते ते त्यांनी केले. तुला हवे होते डोळे आणि आल्या कुड्या, हा फरक आहे.

दीपमाळेच्या चित्राविषयी फार लिहीत नाही. तिवई लावलीस हे उत्तम, पण सर्व काही स्पष्ट यावे या हव्यासाने अॅपर्चर एफ/२२ पर्यंत मिटविलेस. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि प्रत्येक बिंदूची सुमारे ०.०३ मिलिमीटर रुंदीची चकती होते. तुझ्या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा. म्हणजे एका बिंदूने सात पिक्सेल व्यापले. रेखीवपणा कोठून येणार? एफ/८ पुरे होते, फार तर एफ/११. शिवाय तिवईवर कंपन आवरण्याची सोय बंद ठेवीत जा, कारण काही लेन्समध्ये ती नसलेले कंपन शोधीत राहून स्वतःच चित्र बिघडविते. आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोपव.

आता तुझ्या मूळ फिर्यादीस न्याय देण्यासाठी कॅमेऱ्याचीही रीतसर तपासणी झाली पाहिजे, कारण तो सर्वस्वी निर्दोष आहे असे मी अद्याप म्हटलेले नाही. तुझ्या कॅमेऱ्यात आरसा आहे. डोळा लावून चित्र घेताना फोकस ठरविणारे यंत्र तळाशी निराळे असते आणि चित्र उमटते ते सेन्सरवर. या दोन वाटांच्या लांबीत केसाएवढी तफावत असली तरी फोकस नेहमी पुढे अथवा नेहमी मागे पडत राहतो. ही तफावत शोधण्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाचे एक पान काढून सपाट चिकटव. त्यावरील बारीक अक्षरांसारखी दुसरी कसोटी घरात मिळणार नाही. ५० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा तिवईवर, भिंतीशी अगदी समांतर, अडीच मीटरवर ठेव आणि एफ/१.८ वरच तपास, कारण मिटलेल्या अॅपर्चरमध्ये असले दोष झाकले जातात. प्रथम डोळा लावून फोकस कर, प्रत्येक वेळी लेन्सची कडी पुन्हा अनंतावर फिरवून मगच पुढचे चित्र घे. नंतर आरसा उचलून, म्हणजे पाठीमागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये, चित्र पुरेसे मोठे करून फोकस कर आणि तशीच काही चित्रे घे. दुसऱ्या खेपेची चित्रे स्पष्ट आणि पहिल्या खेपेची सगळीच अस्पष्ट आली, तर तुझी तक्रार खरी ठरली. मेनूत फोकस सूक्ष्मपणे जुळविण्याची सोय असल्यास ती वापर, नसल्यास कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे कॅमेरा व लेन्स दोन्ही बरोबर घेऊन जा. दोन्ही खेपांची चित्रे सारखीच चांगली आली, तर दुकानदारास माझा नमस्कार सांग. आणि एकच कोपरा धूसर व त्याच्या समोरचा कोपरा स्वच्छ असे दिसले, तर लेन्समधील एखादे भिंग तिरपे बसले आहे. तो दोष कॅमेऱ्याच्या नावे टाकता येणार नाही.

ही तपासणी करताना संगणकावर चित्र शंभर टक्के मोठे करून पाहशील, त्याबद्दलही सावध करून ठेवतो. तुझे चित्र ६००० पिक्सेल रुंद आहे. साधारण पडद्यावर ते पूर्ण आकारात मांडले तर पाच फुटांहून अधिक रुंद होईल, आणि तू ते हातभर अंतरावरून न्याहाळतोस. तपासणीस हे योग्य आहे, पण एरवी चित्राची किंमत त्यावरून ठरवू लागशील तर कोणतेही चित्र तुझ्या पसंतीस उतरणार नाही.

एक गोष्ट मात्र यापूर्वीच विचारावयास हवी होती. तू कोकणात राहतोस आणि पावसाळ्यात कॅमेरा कपाटात, कातडी पिशवीत ठेवतोस, असे ताई बोलली होती. दमट हवेत बंद पिशवीत लेन्सवर बुरशी धरते. बाहेरून दिसत नाही, पण मागून टॉर्चचा उजेड आत टाकून तिरपे पाहिलेस तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ती फार वाढली म्हणजे सर्व चित्रावर एक फिकट पडदा आल्यासारखा दिसतो. पिशवीतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवीत जा, आणि पुड्या वेळच्या वेळी वाळवीत जा.

कालनिर्णयाच्या पानाची चित्रे मला पाठवशील तेव्हा व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखी पाठवू नकोस. तेथे ती आक्रसून येतात आणि मग अस्पष्टता तुझी की त्याची, हे ठरविणे कठीण होते. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइलीच पाठव, आणि तोवर त्या दुकानदाराकडून विसार घेऊ नकोस. आजीची तसबीर मात्र तपासणीची वाट न पाहता पुन्हा काढ. सकाळी त्याच खिडकीशी, एफ/४ वर, आणि कुड्या घालण्यास तिला सांगावयास विसरू नकोस.

ताईस व भावजींस नमस्कार. कळावे.

तुझा,
मामा