शेवटच्या पानासाठी

संत तुकाराम नगर, पिंपरी

चि. चिमणीस,


तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा दोनदा वाचला. प्रेस मशीनवर बोटं गमावणाऱ्या पोरांचा विषय तू घेतलास, याचा फार आनंद झाला. मात्र शेवटच्या पानाशी अडले. ‘कामगारांमध्ये जनजागृती करावी, शासनाने कडक कायदे करावेत’ एवढ्यावर तू उपाय आटोपलेस. अगं, यंत्राच्या धोकादायक भागाला गार्ड घालणं निदान १९४८ च्या कारखाना कायद्यापासून तरी मालकावर बंधनकारक आहे. आणि प्रेस खाली आला की बोट जातं, हे त्या पोराला कुणी शिकवायला नको.

माझी इतकी वर्षं वॉर्डात गेली. एकदा पहाटे थर्ड शिफ्टचा एक पोरगा आणला होता, मिसरूड नुकतीच फुटलेली. तुटलेली दोन बोटं त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत धरली होती. मला म्हणाला, “सिस्टर, आजची हजेरी लागेल ना?” मी केसपेपरवर लिहिलं, ‘मशीनमध्ये हात सापडला.’ पुढेही कितीतरी वेळा तेच लिहिलं. मशीन कोणतं, गार्ड होता का, कामाचा कितवा तास, त्या मशीनवर येऊन किती दिवस झाले, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या त्या ओळीत हात तेवढा आला, मशीन सुटून गेलं. त्याची खंत मला अजून आहे. म्हणून सांगते, तुझी प्रश्नावली तिथून सुरू कर, जिथे आमचे केसपेपर संपत होते.

उपाय कसा शोधावा हे पाहायचं असेल, तर डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम नीट वाच. बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखायचा होता आणि ते काम निरक्षर दायांनी करायचं होतं. मिनिटाला पन्नास-साठ श्वास त्यांनी मोजायचे कसे? मग मण्यांचं एक साधन आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी संपले, तर बाळ आजारी. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला, आणि ताडून पाहायला तो उपाय नसलेली ४७ गावंही मोजली. प्रयोगाच्या गावांत हजारी ६२ नवजात मृत्यू होत, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. या प्रयोगावरचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. पुढे देशभरच्या आशाताई त्याच वाटेने घरोघरी जाऊ लागल्या. ज्या हाताने उपाय करायचा, त्या हाताला तो जमला पाहिजे, हे त्या मण्यांत आहे.

आता तुझ्या प्रेसकडे ये. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही, अशी सोय असते. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. जॉब, म्हणजे प्रेसखालचा तुकडा, उचलायला चिमटा असतो. मग बोटं का जातात? हे मशीनवरच्या हेल्परलाच विचार. तो सांगेल, “गार्ड लावला की जॉब कमी निघतात, टार्गेट होत नाही.” म्हणजे तुझा प्रश्न गार्डापाशी संपत नाही, टार्गेटपर्यंत जातो. टार्गेट ठरवतो वर्कशॉपचा मालक, आणि त्याला दर आणि मुदत देते माल घेणारी मोठी कंपनी. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहन कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडच्या सुरक्षेची जबाबदारी घ्यावी, हे त्यात लावून धरलेलं आहे. तेही वाच.

म्हणून ‘करावे’, ‘व्हावे’ अशी मोघम वाक्यं खोडून टाक. प्रत्येक उपायापुढे लिही: कोण करणार, किती खर्च येणार, तो कुणाच्या खिशातून जाणार, आणि वर्षाने उपयोग झाला हे कशावरून कळणार. पाच उपाय नकोत. एकच असू दे, पण तो या चारही प्रश्नांना टिकू दे. आणि पोरांची नावं, वर्कशॉपची नावं कुठेही येऊ देऊ नकोस. बोट गेलंच आहे, तुझ्या निबंधापायी नोकरी जायला नको.

गुरुवारी ये. एमआयडीसीत त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते, पोरं खोलीवर भेटतात. निबंध कॉलेजात देण्याआधी शेवटचं पान त्यांना मराठीतून वाचून दाखव. “असं केलं तर चालेल का?” म्हणून विचार. ती जे खोडायला सांगतील, ते तिथेच बसून खोड.

जेवायला घरीच ये.

तुझी,
आत्या